वाट दाखवणारा

"सर, पान एकशे बारावरचा हा तरुण कुठून आला?" वर्षाराणीने विचारलं. विचारताना तिने पेन्सिलीचं टोक त्या ओळीखाली ठेवलं. दाबलं नाही, नुसतं ठेवलं. बीडमध्ये नगर रोडच्या मागच्या गल्लीत सोमेश्वरचं घर होतं. खिडकीबाहेर एक ॲपेरिक्षा मागे येताना पीं पीं करत होती. ती करतच राहिली आणि सोमेश्वरला वाटलं, ती थांबेपर्यंत उत्तर दिलं नाही तरी चालेल. वर्षाराणी त्याची शेवटची विद्यार्थिनी. तो निवृत्त झाला त्या वर्षी ती एम. ए.ला होती आणि आता त्याच कॉलेजात इतिहास शिकवत होती. त्याच्या सत्तरीनिमित्त त्याच्या एकमेव पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचं कॉलेजने ठरवलं होतं आणि ती मुद्रितं तपासत होती. नुसतं शुद्धलेखन बघितलं असतं तरी भागलं असतं. पण तिने फ्रेंच शिकून घेतलं होतं. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या कागदांच्या फोटोप्रतींसाठी त्याने हैदराबादला दोन उन्हाळे घालवले, ते सगळे कागद आता तिच्या मोबाईलमध्ये होते. "मी सगळी टिपणं पडताळली सर. सगळी जुळतात. फक्त हा एक माणूस मला कुठंच सापडला नाही." तिच्या आवाजात आरोप नव्हता, उलट सरांना आपण काहीतरी विचारण्याजोगं विचारलं याचा आनंद होता. "संदर्भ बघून देतो," तो म्हणाला. "घाई नाही सर. समारंभाला दहा दिवस आहेत." ती गेली. रिक्षाही गेली. सोमेश्वरने पान एकशे बारा उघडलं आणि न वाचता परत मिटलं. त्याला ते पाठ होतं.

पुस्तक त्या बंडाचं होतं. फ्रान्स आणि स्पेन यांच्या मधल्या डोंगरातलं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. राजांनी तह केला, डोंगराचा अलीकडचा भाग फ्रान्सच्या राजाकडे गेला आणि दोनच वर्षांत राजाने तिथल्या मिठावर कर बसवला. वर्गात हे सांगताना सोमेश्वर नेहमी इथे थांबायचा. समोर पाटोद्याची, गेवराईची, धर्मापुरीची पोरं बसलेली असायची. "मीठ म्हणजे काय?" तो विचारायचा. "जेवणात घालायचं ते?" मग सांगायचा, की त्या डोंगरातल्या शेतकऱ्याला मीठ नसेल तर मांस टिकत नाही, चीज होत नाही, मेंढरं नीट चरत नाहीत. मिठावर कर म्हणजे त्याच्या सगळ्या हिवाळ्यावर कर. मिठाचे शिपाई घरात घुसत, चुलीमागे, धान्याच्या पेट्यांत मीठ हुडकत. मग माणसं डोंगरात गेली. दिवसा मेंढपाळ, वेळ आली की बंदूकवाले. खिंडीत शिपायांना गाठायचं आणि धुक्यात नाहीसं व्हायचं. लोक त्यांना देवदूत म्हणत, छोटे देवदूत, कारण ते यायचे आणि नसायचे. शिपायांनी गावात विचारलं की गाव सांगायचं, आम्ही कुणाला बघितलं नाही. वर्गात इथपर्यंत आलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाईल खाली ठेवायची. शेवटी राजाची फौज डोंगरात शिरली, जिकडून कुणी अपेक्षाच केली नव्हती अशा वाटेने. ती वाट कुणी दाखवली? पान एकशे बारावर सोमेश्वरने लिहिलं होतं: गावातला एक तरुण, शहरात शिकायला असलेला. सेनापतीने त्याला बसायला खुर्ची दिली. त्याने काही मागितलं नाही. तो फक्त म्हणाला, तुमचा नकाशा चुकीचा आहे.

परीक्षणं आली तेव्हा सगळ्यांनी त्या परिच्छेदाची तारीफ केली होती. एकाने लिहिलं होतं, इतिहासकाराच्या आत एक कथाकार दडला आहे. सोमेश्वरने ते कात्रण फाडून टाकलं होतं आणि बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला होता, त्यात छपाईच्या चुका फार आहेत. ती वारली, तोवर तिलाही खरं कधी सांगितलं नाही. आता खुर्चीत बसल्या बसल्या त्याला कळेना, की त्याने ते लिहिलं होतं ते कुणी विचारावं म्हणून, की कुणीच विचारू नये म्हणून. पस्तीस वर्षं कुणी विचारलं नाही. त्याला वाटत गेलं होतं, की लिहिलं म्हणजे सांगितलं. कुणाला सांगितलं, तर बीड जिल्ह्यातल्या तीनशे ग्रंथालयांतल्या कपाटांना. आणि आता एक मुलगी पेन्सिल घेऊन आली होती.

ती खुर्ची, तो नकाशा, सगळं पाटोद्याचं होतं. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढे पहिलं बरं पीक आलं, तेव्हा सरकारने लेव्ही लावली. एकराच्या हिशोबाने ज्वारी सरकारला घालायची, सरकारी भावाने. सोमेश्वरचं गाव पाटोद्याच्या वर, बालाघाटाच्या कड्याला चिकटलेलं. दुष्काळात गावाने बरबडा खाल्लेला, म्हणजे रानगवताचं बी. पोटात दाणा पडायला लागून वर्षही झालं नव्हतं आणि जीप आली. त्याचा चुलतभाऊ अजिनाथ त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, चौथी शिकलेला, खांद्याने रुंद. "दानं आमच्या पोटात जायाच्या आदी ह्यांच्या गोदामात कावून?" एवढंच तो चावडीत म्हणाला. भाषण वगैरे त्याला जमायचं नाही. पंधरा दिवसांत गावची ज्वारी गावातून गेली. डोंगरात जुनी पेवं होती, खडकात खोदलेली, आजोबा-पणजोबांच्या काळची. त्यांत भरून वर माती, माती­वर काट्या. जीप परत आली तेव्हा घराघरांत रिकाम्या कणग्या आणि हात जोडलेली माणसं. मग शिपाई घेऊन आली, तेव्हा घाटाच्या वळणावर वरून गोफणीचे धोंडे आले आणि काच फुटली. वर बघावं तर कुणी नाही. तिसऱ्या खेपेला रस्त्यावर दगडाची रास होती आणि रास हलवेपर्यंत मागची दोन्ही चाकं बसलेली. सोमेश्वर तेव्हा औरंगाबादला बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता आणि दिवाळीच्या सुट्टीत आला होता. त्याने गोफण हातात घेऊन बघितली. धोंडा त्याच्याच पायाजवळ पडला. सगळे हसले, अजिनाथ हसला नाही. "सोम्या, तुझं काम येगळं हाय," तो म्हणाला. "तू अर्ज लिव्ह. सायबाला जाऊन भेट. तुला बोलता येतं."

म्हणून तो गेला, गावाचा माणूस म्हणून. पाटोद्याच्या विश्रामगृहात लेव्हीचा साहेब उतरला होता. दुपारची वेळ. गेटाबाहेर इलियास सीताफळांची टोपली घेऊन बसला होता. तोही त्याच गावचा. ऐन हंगामात डोंगरातली सीताफळं तोडून बाजारात आणायचा, एरवी सायकली दुरुस्त करायचा. "सोमूभाऊ, आत चाललात? नीट बोला बरं," तो म्हणाला आणि एक पिकलेलं फळ त्याच्या हातावर ठेवलं. आत साहेबाने अर्ज वाचला. इंग्रजीत लिहिलेला होता, रात्रभर बसून. साहेब तिशीतला, चष्मा लावणारा. "बसा ना," तो म्हणाला. सोमेश्वरला आजवर कुठल्या कचेरीत कुणी बसा म्हटलं नव्हतं. त्याच्या वडिलांना तर तलाठीसुद्धा उंबऱ्याशी उभं करायचा. खुर्चीला वेताची बैठक होती आणि ती किंचित आत दबली. चहा कपबशीतून आला. साहेबाने विचारलं, काय वाचता. कुठल्या प्राध्यापकांकडे शिकता. तुमचं इंग्रजी चांगलं आहे, पुढे काय करणार. लेव्हीबद्दल एक शब्द नाही. मग सहज, जणू आता आपण दोन शिकलेली माणसं एका तिसऱ्याच अडाणी गोष्टीकडे बघतोय अशा आवाजात, त्याने टेबलावरचा नकाशा फिरवला. "हा तुमचा डोंगर. पाठीमागून बंद आहे. म्हणून आम्हाला घाटातूनच यावं लागतं आणि मग ते धोंडे. सगळ्यांचाच त्रास." सोमेश्वरने नकाशाकडे बघितलं. कोल्हेदऱ्याची वाट त्यात नव्हतीच. लहानपणी अजिनाथनेच हाताला धरून त्याला ती दाखवली होती, शेळ्यांच्या मागे. नकाशा साफ चुकला होता. आणि त्या क्षणी त्याच्या मनात ना अजिनाथ होता ना पेवं. फक्त ती चूक होती, आणि ती चूक साहेबाला माहीत नाही, मला माहीत आहे, ही गोड ऊब. "नकाशा चुकीचा आहे, साहेब," तो म्हणाला. साहेबाने त्याच्यापुढे पेन्सिल धरली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना शिपाई वरून उतरले, कोल्हेदऱ्याने. अजिनाथ पेवांपाशीच सापडला, हातात गोफण घेऊन खालच्या घाटाकडे तोंड करून बसलेला. पेवं उकरली, ज्वारी खाली गेली, पुढल्या पेरणीचं बियाणंही त्यातच होतं. अजिनाथ आठ महिन्यांनी तुरुंगातून परत आला तेव्हा त्याचा उजवा खांदा खाली आला होता आणि बोलताना मध्येच श्वास थांबायचा. दोन वर्षं कसाबसा जगला. मरताना त्याने कुणाचं नाव घेतलं नाही, कारण त्याला माहीतच नव्हतं. गावाला मात्र माहीत झालं होतं. वाट कुणाला ठाऊक? सीताफळवाल्याला. त्या दिवशी पाटोद्यात कोण होतं? सीताफळवाला. विश्रामगृहाच्या गेटाशी बसलेला चौघांनी बघितला होता. सोमेश्वर आत गेला होता हेही सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो गावानेच पाठवलेला होता, अर्ज घेऊन, आणि अजिनाथचा भाऊ होता. इलियासच्या दुकानाची फळी मोडली. त्याच्या घरच्यांना कुणी बोलेना. आणि एक दिवस दुपारी सोमेश्वर औरंगाबादला निघाला असताना इलियास त्याला फाट्यावर भेटला. चिडलेला नव्हता. टोपी हातात चुरगाळत होता. "सोमूभाऊ, खिडकी उघडी व्हती तवा. मी बघितलं तुमाला, नकाशावर. मी कुनाला बोल्लो न्हाई, माझं कोन ऐकतं? तुमी तुमचं नाव नका घिऊ. फकस्त एवढं म्हना, इलियास गेटाबाहेर व्हता, आत आलाच न्हाई. तेवढं लई हाय." एसटी आली. सोमेश्वर म्हणाला, "बघतो." चढला. खिडकीतून त्याने मागे बघितलं नाही, पण इलियास तिथेच उभा असणार हे त्याच्या मानेला कळत होतं. महिनाभराने इलियास बायकोला, रहेमतबीला, घेऊन गाव सोडून गेला. कुठे, ते सोमेश्वरने विचारलं नाही. पुढे हैदराबादला एका जाड पुस्तकाच्या तळटिपेत त्याला ते डोंगरातले मिठाचे बंडखोर भेटले आणि तो त्या तळटिपेवर असा तुटून पडला, की मार्गदर्शक म्हणाले, काय हो, एवढं लांबचं काय धरून बसलात?

वर्षाराणी येऊन गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी तो गावाला गेला. पाटोद्यापर्यंत एसटी, पुढे वडापची जीप. घाट आता रुंद झाला होता, वळणावर संरक्षक कठडा होता. गाव मोकळं होतं. दिवाळी होताच सगळी धडधाकट माणसं ऊसतोडीला गेली होती, कोपीचं, उसाच्या फडावरच्या झोपडीचं, सामान बांधून. मागे राहिली होती म्हातारी माणसं, कुलपं आणि कुत्री. अजिनाथची बायको केसरबाई ओसरीवर सुपात मटकी निवडत बसली होती. पंचाहत्तरीला टेकलेली. नजर मात्र पक्की. "भावजी? या. लई दिसांनी," तिने सूप बाजूला केलं. "पोरगा-सून गेलेत कर्नाटकात. मी आन ही शेळी. बसा, च्या ठिवते." "राहू द्या वहिनी. आधी मला एक सांगायचंय." आणि त्याने सांगितलं. एसटीत त्याने सगळं जुळवून ठेवलं होतं, सुरुवात कुठून करायची, कुठे थांबायचं. पण तोंडातून एकाच दमात, विद्यार्थ्याने न समजता पाठ केलेलं उत्तर म्हणावं तसं आलं. खुर्ची, चहा, नकाशा, पेन्सिल. इलियास गेटाबाहेरच होता. त्याला वाटलं होतं ती किंचाळेल, सूप फेकेल. त्यासाठी तो तयार होता. खरं म्हणजे त्यासाठीच आला होता.

केसरबाईने मटकीतला एक खडा उचलला, बघितला, अंगणात टाकला. "आता कावून सांगाया आलात?" ती म्हणाली.

"वहिनी, पन्नास वर्षं मनावर..."

"तुमच्या मनावरचं तुमी माज्या दारात टाकाया आलात व्हय?" तिने आवाज चढवला नाही. "तुमाला एक सांगते. धन्याला नेलं तवा मी बावीस-तेवीस वर्सांची. हिरीवर रहेमतबी पानी भराया आली. पोटुशी व्हती, सातवा का आठवा. मी तिच्या डोक्यावरला घडा वढून फोडला. समद्या बायांच्या म्होरं. ती भिजली, उभी ऱ्हायली. शब्द न्हाई बोल्ली. मी म्हनलं, तुज्या नवऱ्यानं माजं कुकू इकलं. तवापास्नं तिला कुनी हिरीवर येऊ दिलं न्हाई. ती खालच्या वढ्यात जायाची, तसल्या पोटानं." शेळीने दाव्याला हिसका दिला. "मी इतकी वर्सं त्या घड्यावर जगले भावजी. धनी मेला, पर मी कायतरी केलं व्हतं. ज्यानं केलं त्याच्या बाईला मी सोडली न्हाई, असं मला वाटायचं. आन तुमी आज येऊन म्हनता, ती बाई न्हवतीच ती."

"चूक माझी आहे, वहिनी. तुमची नाही. गावाला मी सांगतो, पंचायतीत उभा राहून..."

"खबरदार." तिने सूप बाजूला सारलं. "गावात काय ऱ्हायलंय सांगाया? ज्यांनी फळी मोडली ती मेली. ऱ्हायले मी. तुमी सांगनार, तुमाला हलकं वाटनार, चार लोक म्हननार मास्तरनं मन मोठं केलं. आन मला माजा पोरगा इचारील, आये, तू तवा काय केलंतंस? धन्याला तुमी धरून दिलं, ते तुमी शिकलेले, तुमचं तुमाला. पर मला असं कावून केलं?" मग तिने सूप परत मांडीवर घेतलं. "जीप असंल फाट्यावर. च्या न्हाई ठिवीत मी." सोमेश्वर उठला. चप्पल घालताना त्याने विचारलं, रहेमतबी कुठे असते, काही कळलं का कधी. केसरबाईने मान वर केली नाही. "बीडातच हायेत म्हनं. तिचा नातू फळं इकतो मंडईत. माज्या पोरानं बघितलाय. तुमी तर तिथंच ऱ्हाता की इतकी वर्सं."

त्याने मंडई टाळली होती असं नव्हतं. तो तिथूनच फळं आणायचा. कुठल्या तरी गाड्यावर इलियासच्याच नातवाने त्याला संत्री निवडून दिली असतील, सर म्हटलं असेल, एखादं फळ वर टाकलं असेल. परतीच्या एसटीत त्याला सारखं हेच दिसत राहिलं, पिशवीत वर टाकलेलं ते फळ. दुसऱ्या दिवशी तो मंडईत गेला. फळांच्या रांगेत तीन तरुण होते, तिघेही टोपी घातलेले, तिघेही हसतमुख. त्यांतला कोण, हे विचारायला एकच वाक्य लागणार होतं. तुझे आजोबा इलियास का? पण त्यानंतरचं वाक्य? रहेमतबी जिवंत असली तर ती ऐकेल. मग तिला केसरबाईचा घडा आठवेल, ओढ्याची वाट आठवेल. आणि तिने विचारलं, तेव्हा कावून नाही बोललात, तर त्यावर द्यायला त्याच्याकडे काय होतं? सांगण्याचा हक्कही केसरबाईनेच त्याच्या हातून काढून घेतला होता, असं त्याने स्वतःला समजावलं. समजावताना त्याला कळत होतं की हे समजावणं किती सोयीचं आहे. तो गर्दीत अर्धा तास उभा राहिला आणि काही न घेता परत आला. घरी येऊन त्याने वर्षाराणीला फोन लावला. "त्या तरुणाबद्दल," तो म्हणाला.

"सर, मी सांगणारच होते. तो परिच्छेद मी काढला. तुम्हाला त्रास नको म्हणून. त्या जागी एकच वाक्य टाकलंय, ही वाट कोणी दाखवली याचा पुरावा उपलब्ध नाही. बरोबर आहे ना सर?"

"पण समजा," सोमेश्वर म्हणाला, "मला माहीत असेल, तर?"

ती हसली, आदराने. "माहीत असणं आणि पुरावा असणं यांतला फरक तुम्हीच शिकवलात सर."

समारंभ कॉलेजच्या सभागृहात सकाळी अकराला होता. नारळ, शाल, फेट्यांचा रंग, माइकची शिट्टी. प्राचार्य बोलले, एक निवृत्त सहकारी बोलला. मग वर्षाराणी बोलायला उभी राहिली. तिने सांगितलं, की सरांच्या पुस्तकातला सर्वांत गाजलेला परिच्छेद या आवृत्तीत नाही. त्याला आधार नव्हता आणि सरांनी तो काढायला एका शब्दानेही विरोध केला नाही. स्वतःच्या सर्वांत सुंदर ओळी पुराव्यासाठी कापून टाकणारा इतिहासकार आपल्या जिल्ह्यात आहे, असं ती म्हणाली. सभागृह उभं राहिलं. सोमेश्वर माइकपाशी गेला. तो त्या डोंगराबद्दल बोलला, नेहमीसारखाच, मिठापासून. शिपाई घरात शिरले, माणसं डोंगरात गेली, गाव म्हणालं आम्ही कुणाला बघितलं नाही. सांगता सांगता त्याला पुढच्या रांगेपलीकडे काही दिसेनासं झालं आणि आपला आवाज दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा ऐकू यायला लागला. फौज वरून उतरली, तो म्हणाला. आणि थांबला. ती वाट कुणी दाखवली, याचा पुरावा नाही. पण मी सांगतो. ती वाट मी दाखवली.

मग मागून कुणीतरी "वा!" म्हणालं, पलीकडे एकाने टाळी वाजवली आणि सगळं सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. पहिल्या रांगेतला सहकारी शेजारच्याला म्हणत होता, शिक्षक असावा तर असा, स्वतःला इतिहासात उभं करतो. प्राचार्य डोळे पुसत होते. वर्षाराणीही टाळ्या वाजवत होती. मग तिने सोमेश्वरच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिचे हात मध्येच थांबले. त्याचं दुसरं वाक्य तयार होतं. त्यात पाटोदा होतं, अजिनाथ होता, गेटाबाहेर बसलेला इलियास होता. ते वाक्य जिभेवर आलं होतं आणि टाळ्या संपेपर्यंत त्याच्याकडे वेळ होता. टाळ्या बराच वेळ चालल्या. मग विरल्या, थांबल्या. सभागृह पुढच्या वाक्यासाठी कान देऊन बसलं. सोमेश्वरने समोरचा पेला उचलून पाण्याचा एक घोट घेतला, आणि संयोजकांचे आभार मानायला सुरुवात केली.